कामाला नेणारा मालक कोण? आधी त्याचे कागद बघा

 

आमच्या गटांच्या बैठकीत कर्जाचे अर्ज येतात, तेव्हा ‘कारण’ या रकान्यात काय लिहिलेलं असतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे. म्हैस. शिलाई मशीन. पोरीची फी. दवाखाना. घराचा पत्रा. अलीकडे त्यात एक नवीन कारण दिसायला लागलंय, ‘परदेशी कामाला जाणे’. एका गटात आलं, मग शेजारच्या गावच्या गटात आलं. म्हणून आजचं बोलणं या विषयावर.

गोष्ट आहे भुदरगडकडच्या एका ताईची. नाव सांगत नाही, गावही सांगत नाही. वय ३४, शिक्षण आठवी. घरी दीड एकर, त्यातलं अर्धं डोंगरउताराचं. नवऱ्याच्या आजारपणात झालेलं कर्ज अजून फिटलेलं नाही. तालुक्याच्या गावातला एक ओळखीचा माणूस तिला म्हणाला, कुवेतला एका घरात काम आहे, स्वयंपाक आणि पोरं सांभाळायची, महिन्याला ४० हजार. खर्च एक लाख वीस हजार. पैसे भरले की महिन्याभरात विमान. ताईनं गटाकडं साठ हजार मागितले, बाकीचे ती दागिना मोडून घालणार होती.

बैठकीत पहिला अर्धा तास सगळ्यांनी ताईलाच प्रश्न विचारले. तुला अरबी येतं का? एकटी राहशील का? पोरं कुणाकडं ठेवणार? ताई उत्तरं देऊन दमली. मग आमच्यातल्या एका वयस्क काकींनी विचारलं, “अगं, ते घर कुणाचं हाय? मालकाचं नाव काय?” ताईला माहीत नव्हतं. त्या ओळखीच्या माणसालाही माहीत नव्हतं. तो म्हणाला, “तिथं गेल्यावर देतील.”

पोरगी द्यायची म्हटली तर आपण काय करतो? स्थळ बघतो. घर बघतो, शेत किती, पाणी आहे का, भाऊबंदकी कशी, सासू कशी, सगळं चार माणसांकडून काढतो. आणि इथं दोन वर्षांसाठी बाईमाणूस समुद्रापलीकडं परक्याच्या घरात राहायला चाललंय, तर त्या घराचं नावसुद्धा कुणी विचारत नाही. आम्ही मग या मालकाच्या बाजूनं सगळं शोधायला बसलो. तेव्हा कळलं की बाई कामाला बोलवायची असेल तर मालकाचीही परीक्षा होते. आपल्या सरकारचे त्याच्यासाठी नियम आहेत आणि त्याच्या देशाचेही आहेत. आपल्या बायकांना फक्त त्यांच्या स्वतःच्या अटी सांगितल्या जातात, मालकाच्या अटी कुणी सांगत नाही.

आधी आपल्या देशाचं सांगतो. १९८३ चा एमिग्रेशन कायदा आहे. परदेशी कामाला जाणाऱ्यांचं रक्षण व्हावं म्हणून केलेला. तो म्हणतो, परदेशातल्या मालकाला इथून माणूस न्यायचा तर दोनच वाटा आहेत. एक तर सरकारकडं नोंदणी असलेल्या भरती एजंटामार्फत, नाहीतर स्वतः सरकारची परवानगी घेऊन. तिसरी वाट नाही. ओळखीचा माणूस, पाहुण्याचा पाहुणा, टेलरिंगच्या दुकानात बसणारा दादा, हे सगळे तिसऱ्या वाटेचे. एजंटाला नोंदणीसाठी सरकारकडं ५० लाखांची बँक हमी ठेवावी लागते. वर्षाला थोडी माणसं पाठवणाऱ्या छोट्या एजंटांना ती ८ लाख आहे. म्हणजे फसवलं तर सरकारच्या हातात काहीतरी असावं, हा हेतू. नोंदणी नसताना भरती केली तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दोन हजारांपर्यंत दंड. दोन हजार! १९८३ साली ती रक्कम मोठी असेल, आज एवढ्या पैशात आमच्या गटाचं हळदी-कुंकूसुद्धा होत नाही.

ताईच्या त्या ओळखीच्या माणसाला विचारलं, तुमची नोंदणी कुठंय? तो म्हणाला, माझी नाही, मुंबईच्या साहेबांची आहे, मी त्यांचा माणूस. इथं थांबा आणि नीट ऐका. आपल्या कायद्यात ‘साहेबांचा माणूस’ म्हणजे सब-एजंट हा प्रकारच मान्य नाही. ज्याच्या नावावर नोंदणी त्यानंच भरती करायची. आणि नोंदणी खरी आहे का हे बघायला मुंबईला जायला नको. सरकारच्या ई-मायग्रेट या संकेतस्थळावर सगळ्या एजंटांची यादी आहे, कुणाची नोंदणी चालू, कुणाची संपली, कुणाची थांबवली, तेही दिसतं. आम्ही ते गावातल्या सेवा केंद्रात बसून बघितलं. वीज गेल्यामुळं थोडा वेळ गेला तेवढाच.

आता सगळ्यात महत्त्वाचं. तुमचा पासपोर्ट उघडला की काहींच्या पासपोर्टवर ‘ईसीआर’ लिहिलेलं असतं. एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड. म्हणजे या माणसाला कामासाठी काही ठरावीक देशांत जायचं तर सरकारी मंजुरी घ्यावी लागेल. दहावी पास नसलेल्यांना साधारणपणे हा पासपोर्ट मिळतो. ते देश आहेत १८. त्यात सौदी, कुवेत, ओमान, कतार, बहारीन, दुबई-अबुधाबीचं यूएई, शिवाय मलेशिया, जॉर्डन, लेबनॉन असे. ज्या देशांत कामगाराचं रक्षण कमी, त्यांची ही यादी असं समजा.

ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्या बाईसाठी नियम आणखी कडक आहेत. वय ३० पूर्ण पाहिजे. करारावर आपल्या दूतावासाची मोहोर पाहिजे. आणि २०१६ पासून खासगी एजंटाला अशा बाईला न्यायची परवानगीच नाही, नोंदणी असली तरी नाही. सरकारी संस्थेमार्फतच जायचं. केरळची नोर्का रूट्स आणि ओडेपेक, तमिळनाडूचं ओव्हरसीज मॅनपॉवर कॉर्पोरेशन, तेलंगणाची टॉमकॉम, अशा त्या संस्था. म्हणजे आपली ताई आठवी पास, ईसीआर पासपोर्ट, घरकाम, कुवेत. तिला तो माणूस तर नाहीच, मुंबईचा त्याचा साहेबसुद्धा कायद्यानं नेऊ शकत नव्हता.

मग तो नेणार कसा होता? व्हिजिट व्हिसावर. फिरायला चाललोय म्हणून सांगायचं, तिथं उतरल्यावर कामाचा व्हिसा करून देतो म्हणतात. फिरायला जाणाऱ्याला कामाची मंजुरी लागत नाही, ही पळवाट. पण त्या व्हिसावर काम करणं तिथं गुन्हा असतो. बाईनं चार महिने भांडी घासली आणि पगार मागितला, तर मालक म्हणू शकतो, ही कोण? माझ्याकडं कागदावर अशी कुणी बाईच नाही. तक्रार करायला गेली तर तीच आत जायची भीती. मुदत संपली की दिवसागणिक दंड.

दुसरा प्रकार ‘आझाद व्हिसा’. हा शब्द तुम्ही ऐकला असेल, गल्फला गेलेले पुरुष वापरतात. त्यात कागदावर एक मालक असतो, पण तो फक्त व्हिसा विकतो, काम देत नाही. बाहेर कुठंही काम शोध म्हणतो. नावात आझाद आहे, पण कामगाराचं राहणं, जाणं, सगळं कागदावरच्या त्या मालकाच्या नावाला बांधलेलं. तिकडं या पद्धतीला कफाला म्हणतात. तो रुसला की कामगार बेकायदा.

हे आपल्याला समजायला अवघड नाही. आपल्या जिल्ह्यात दर हंगामात बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. उचल देतो मुकादम, ऊस असतो शेतकऱ्याचा, गाडी जाते कारखान्याला. आणि बैल मेला, बाई बाळंत झाली, कोयता पायावर बसला, की तिघंही एकमेकांकडं बोट दाखवतात. आपण हे बांधावर उभं राहून बघितलेलं आहे. कुवेतला गेलेल्या बाईला बांधावरून बघणारंही कुणी नसतं, दार बंद असतं.

म्हणून आपल्या सरकारनं मालकावर अटी घातल्या. परदेशी मालकानं ई-मायग्रेटवर स्वतःची नोंद करायची, त्याला किती माणसं कशाला हवीत ते लिहायचं, आणि आपला तिथला दूतावास ते तपासतो. पगार त्या देशासाठी ठरवलेल्या किमान आकड्याच्या खाली चालत नाही. २००७ मध्ये घरकामाला बाई नेणाऱ्या मालकासाठी तर असं ठरलं की त्यानं प्रत्येक बाईमागं २,५०० डॉलरची हमी दूतावासाकडं ठेवायची, आणि बाईला प्रीपेड मोबाईल द्यायचा. मोबाईलची अट वाचून आम्हाला फार बरं वाटलं. कुणीतरी कधीतरी विचार केला असेल की बंद दारातल्या बाईला पहिल्यांदा काय लागतं. हमीची अट मात्र मालकांना आवडली नाही. कुवेतशी त्यावरून ताणाताणी झाली, आणि २०१७ मध्ये कुवेतपुरती ती अट आपल्या सरकारनं काढून घेतली. आमचं मत विचाराल तर ती काढायला नको होती. अडीच हजार डॉलर ठेवायला का-कू करणारा मालक दोन वर्षं पगार वेळेवर देईल, हे आम्हाला पटत नाही. पण बंदी आली की बायका जायच्या थांबत नाहीत, चोरवाटेनं जातात, असंही म्हणणारे आहेत, आणि तेही खोटं नाही.

आता तिकडच्या देशांचे नियम. सिंगापूर हा त्या १८ देशांत नाही, पण तिथली पद्धत सांगण्यासारखी आहे. तिथं घरात बाहेरच्या देशातली बाई ठेवायची तर मालक २१ वर्षांचा पाहिजे, दिवाळखोर नको. पहिल्यांदाच बाई ठेवत असेल तर मालकाला आधी एक वर्ग करावा लागतो, बाईशी कसं वागायचं, तिचे हक्क काय याचा. सासूबाईंना वर्ग लावल्यासारखं! सरकारकडं ५,००० सिंगापुरी डॉलरचं हमीपत्र द्यायचं, दर महिन्याला सरकारला वेगळा कर भरायचा, बाईचा दवाखान्याचा आणि अपघाताचा विमा मालकानं काढायचा. आपल्या नात्यातली बाई कामाला म्हणून आणता येत नाही. आणि घरकामाला आणलेली बाई आपल्या दुकानात राबवता येत नाही. बाईसाठीही अटी आहेत, वय किमान २३ आणि आठ वर्षांचं शालेय शिक्षण. हाँगकाँगमध्ये मालकाच्या घरची कमाई महिन्याला किमान १५,००० हाँगकाँग डॉलर असल्याशिवाय बाई ठेवायची परवानगी नाही. दुबईकडं बाईला स्वतःच्या नावावर आणायचं तर कुटुंबाची कमाई २५,००० दिरहम लागते.

म्हणजे बघा, मालक पगार देऊ शकतो का, हे त्याचं सरकार आधी तपासतं. जो माणूस या चाळणीतून जाऊ शकत नाही, तोच चोरवाटेनं बाई शोधतो. ‘व्हिजिटवर या, मग बघू’ म्हणणाऱ्या मालकाबद्दल पहिली शंका हीच घ्यायची, की याला सरळ वाटेनं बाई मिळत का नाही?

यूएईमध्ये घरकामगारांसाठी २०२२ चा कायदा आहे. आठवड्याला एक पगारी सुट्टी, दिवसात १२ तास विश्रांती आणि त्यातले ८ तास सलग, वर्षाला ३० दिवस रजा, आणि बाईचे कागद बाईजवळच. भरतीचा खर्च बाईकडून घ्यायचा नाही. कुवेतमध्येही २०१५ पासून घरकामगारांचा कायदा आहे, त्यातही १२ तासांपेक्षा जास्त काम नाही, साप्ताहिक सुट्टी आहे, पासपोर्ट मालकानं ठेवायचा नाही. कागदावर चांगलं आहे. घराच्या आत कोण बघतं, हा प्रश्न राहतोच. तरी कायद्यातून आलेली बाई निदान दूतावासात जाऊन म्हणू शकते, हा माझा करार. चोरवाटेनं गेलेल्या बाईच्या हातात कायच नसतं.

पैशाचंही सांगून टाकतो. आपल्याकडच्या नोंदणीकृत एजंटाला सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि वर जीएसटी घेता येतो, पावतीसह. ताईकडं मागितले होते एक लाख वीस हजार, पावतीबिवती काही नाही. ईसीआरवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय विमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांना २७५ रुपये, तीन वर्षांना ३७५, वर कर. त्यात अपघाती मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर १० लाखांचं संरक्षण. एक लाख वीस हजार मागणारा हा २७५ रुपयांचा कागद दाखवत नाही, कारण तो कागद सरळ वाटेवरच मिळतो.

आपली माणसं बाहेर राबायला जाणं आजचं नाही. १८३४ नंतर इंग्रजांनी करारावर मजूर मॉरिशसला उसाच्या मळ्यात नेले, त्यात मुंबई बंदरातून गेलेली आपली मराठी माणसंही होती. त्यांची पतवंडं तिथं अजून गणपती बसवतात, मराठी शिकतात. तेव्हाही बंदरावर सरकारी अधिकारी असायचा, त्याला ‘प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स’ म्हणायचे. आज मुंबईत बसून मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याच्या पदाचं नाव तेच आहे. त्या वेळी अंगठा उठवणाऱ्या माणसाला कुठं चाललोय हे धड माहीत नसायचं. आज आपली ताई सही करते, पण तिलाही घर कुणाचं हे माहीत नव्हतं.

तर ताईचं काय झालं? गटानं या कारणासाठी कर्ज द्यायचं नाही असं ठरवलं. हे ठरवणं सोपं गेलं नाही. ताई रडली, आणि रागानं म्हणाली, “तुम्ही नाही दिलं तर फायनान्सवाला देईल. तो मालकाचं नाव विचारत नाही.” खरं होतं ते. नुसतं नाही म्हणून गट मोकळा झाला असता तर ताई दुसऱ्या दिवशी तिकडं गेली असती. म्हणून आम्ही दोन-तीन जणी तिच्या घरी गेलो, नवऱ्याशी बोललो, जुन्या कर्जाचा हिशेब मांडला, आणि गटानं त्यातलं जास्त व्याजाचं एक कर्ज आपल्याकडं वळवून घेतलं. त्यानं तिचा प्रश्न संपलेला नाही. तिला अजूनही जायचंच आहे. आम्ही तिला जाऊ नको म्हटलेलं नाही, सरळ वाटेनं जा म्हटलंय.

सरळ वाटा आहेत, पण लांबच्या आहेत. इस्रायलनं २०२४ मध्ये आपल्या सरकारकडं पाच हजार केअरगिव्हर, म्हणजे म्हाताऱ्या-आजारी माणसांची घरी काळजी घेणारे लोक मागितले. तिथं ज्या वृद्धाला असा माणूस ठेवायचा त्याला आधी सरकारी परवाना काढावा लागतो, खरंच गरज आहे हे दाखवून. आपल्या बाजूला अट आहे दहावी पास आणि ९९० तासांच्या प्रत्यक्ष सरावासह काळजीवाहूचा कोर्स. तिथली युद्धाची परिस्थिती सगळ्यांना ठाऊक आहे, तो विचार ज्यानं त्यानं करायचा. जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी आपल्या महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये करार केला, नर्सिंगपासून ड्रायव्हिंगपर्यंत कामं आहेत, पण आधी जर्मन भाषा. तिथं परक्या देशातल्या कामगाराला स्थानिक माणसापेक्षा कमी पगार देणार नाही हे मालकाला दाखवावं लागतं. आपल्या शिकलेल्या पोरींनी याची चौकशी जरूर करावी.

ताईनं सतरा नंबरचा फॉर्म भरायचं ठरवलंय, बाहेरून दहावी द्यायला. लेकही यंदा दहावीलाच आहे, दोघी एका दिव्याखाली बसतात. मात्र एक गोष्ट आम्ही तिला आत्ताच सांगून ठेवलीय आणि तुम्हालाही सांगतो. दहावी पास झाल्यावर पासपोर्ट ईसीआर राहत नाही. कामाला जाताना सरकारी मंजुरी लागत नाही. बायकांना वाटतं, सुटलो एकदाचं. पण मंजुरीबरोबर मालकाची तपासणीही गेली, करारावरची मोहोरही गेली, विम्याची सक्तीही गेली. नर्स बायकांना तेवढी त्या १८ देशांसाठी २०१५ पासून ही मंजुरी लागते, पासपोर्ट कुठलाही असो. बाकी दहावी-बारावी झालेल्या पोरींनी ही सगळी तपासणी आपली आपणच करायची. ई-मायग्रेटवर आपणहून नोंद करता येते, ती करूनच जावं.

शंका असेल तर प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा फुकटचा नंबर आहे, १८०० ११ ३०९०. तिकडं गेलेल्या बाईची अडचण असेल तर घरच्या माणसालाही परराष्ट्र खात्याच्या ‘मदद’ या संकेतस्थळावर तक्रार घालता येते, बाईनंच करायला पाहिजे असं नाही.

आमच्या गटांनी आता एवढं ठरवलंय. परदेशाच्या कारणासाठी अर्ज आला, तर मालकाचं पूर्ण नाव, पत्ता, करार आणि एजंटाचा नोंदणी क्रमांक जोडलेला पाहिजे, आणि दोन सदस्यांनी तो क्रमांक स्वतः तपासून वहीत सही करायची. बाई गेली की कराराची आणि पासपोर्टची एक प्रत गटाच्या फाईलला लावायची, घरच्या ट्रंकेत नाही. घरात पूर येतो, उंदीर लागतात, आणि कधी कधी घरचीच माणसं कागद देत नाहीत. तुमच्या गटाची पुढची बैठक असेल तेव्हा हा विषय घ्या, आणि कुणी आधीच गेलेली असेल तर तिच्या घरी जाऊन विचारा, मालकाचं नाव काय.